वादळ यायच्या आधी लाटेची नोंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वादळ येऊन गेलं की तुमच्या पेपरात (आणि सगळ्याच पेपरांत) एक ठरलेली यादी येते, किती घरं पडली, किती बोटी फुटल्या, रस्ता कुठे खचला, वीज कधी येणार, आणि ती यायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी तक्रार एवढीच की त्या यादीत किनाऱ्यावरची लाट कधीच नसते. लाट जाते म्हणजे ज्या जागी वर्षानुवर्षं सर्फिंग चालत होतं ती जागाच संपते, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती वादळाने संपत नाही, वादळानंतर घाईघाईत जे बांधकाम होतं त्याने संपते. सर्फिंगच्या जागांना कागदोपत्री मान्यता पाहिजे असं कुठे बोललं की लोक हसतात, लाटेला कसली मान्यता, ती काय पळून जातेय का. हो, जाते. म्हणून हे जरा लांबलचक पत्र, कात्री लावायची तर खुशाल लावा पण आयर्लंडचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी एक गैरसमज. समुद्र आहे म्हणजे लाट आहे आणि लाट आहे म्हणजे बोर्ड घेऊन उतरलं की झालं, असं नसतं. लांबच लांब किनाऱ्यावर धड सर्फिंग होईल अशा जागा मोजक्याच निघतात. लाट तयार होते लांब कुठेतरी खोल समुद्रातल्या वादळात, तिथे वारा पाणी ढवळून काढतो, मग ती वादळाला मागे टाकून शेकडो, कधी हजारो किलोमीटर येते आणि येता येता तिच्यातला सगळा गोंधळ निवळत जातो, शिस्तीत ओळी लागतात, त्याला सर्फर लोक स्वेल म्हणतात. बॉयच्या (समुद्रात लाट मोजायला सोडलेलं तरंगतं यंत्र) रीडिंगमध्ये नवखा माणूस फक्त उंची बघतो, दोन मीटर, तीन मीटर, वा वा. मुरलेला माणूस आधी पिरियड बघतो, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. 8 सेकंदांची दोन मीटर लाट आणि 16 सेकंदांची दोन मीटर लाट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलीची लांबी खोल पाण्यात साधारण 100 मीटर आणि दुसरीची 400, आणि लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे पहिलीला 50 मीटर पाण्यात आणि दुसरीला 200 मीटर पाणी असतानाच. तिथून पुढे तळ सांगेल तशी ती वळते, एकीकडे गोळा होते, एकीकडे पसरते, आणि शेवटी पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास उरली की फुटते.

कशी फुटते यावर सगळा खेळ. तळ एकसारखा असेल तर अख्खी लाट एका क्षणात आडवी पडते, सर्फिंगला उपयोग शून्य. तळ किनाऱ्याशी तिरका असेल तर लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत फुटत जाते आणि त्या फुटणाऱ्या फेसाच्या जरा पुढे पुढे सर्फर सरकत राहतो, कधी चार सेकंद कधी मिनिटभर. तो तळ म्हणजे कुठे खडक असतो, कुठे प्रवाळ, कुठे नदीच्या तोंडाशी साचलेला वाळूचा दांडा, कुठे समुद्रात घुसलेलं भूशिर. वरून वारा पाहिजे जमिनीकडून, शाळेत भूगोलात पाठ केलेले मतलई वारे, ते लाटेचं तोंड उभं धरून ठेवतात, खारे वारे सुटले की सगळं विस्कटलं. म्हणजे स्वेल, तळ, वारा आणि भरतीची वेळ, हे चारही जुळलं तर लाट. यातले स्वेल, वारा आणि भरती कुणाच्या बापाच्या हातात नाहीत. तळ मात्र माणूस बिघडवू शकतो, आणि बिघडवतो.

आता वादळाचा विषय. सर्फिंग आणि वादळ वेगळं काढताच येत नाही. पोर्तुगालच्या नाझारेत 29 ऑक्टोबर 2020 ला सेबास्टियन श्टॉइटनरने जी 26.21 मीटरची लाट सर्फ केली, जिचा विश्वविक्रम झाला, ती एप्सिलॉन नावाच्या चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या जोरातून आलेली होती. आणि लाट तिथेच एवढी का उठते तर किनाऱ्याला जवळजवळ चिकटून समुद्राखाली एक प्रचंड घळ आहे, खोल टोकाला साधारण 5 किलोमीटर खोल, घळीतून आलेली लाट जोरात पुढे निघते आणि बाजूच्या उथळ तळावरून आलेली मागे पडते, मग किनाऱ्याजवळ दोन्ही एकमेकींवर चढतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं तेव्हासुद्धा 2021 च्या जुलैमध्ये त्सुरिगासाकी बीचवर सगळे हवामानाकडे डोळे लावून बसले होते, नेपार्तक वादळ जवळ आलं, लाटा वाढल्या, आणि फायनल एक दिवस आधी उरकून घेतल्या. तर चांगल्या लाटेच्या जागा या मुळातच वादळांच्या तोंडावर असलेल्या किनाऱ्यांवर असतात. आणि नेमक्या त्याच किनाऱ्यांवर धूप होते, घरं धोक्यात येतात, आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची टेंडरं निघतात.

मोठं वादळ आलं की ते किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतं. दुसऱ्या दिवशी बीचवर गेलात तर छातीएवढे वाळूचे कडे दिसतात, झाडांची मुळं उघडी, लोक म्हणतात संपला बीच. पण ती वाळू गेलेली असते ती बहुतेक जवळच, थोडी आत, पाण्याखाली एक लांब उंचवटा होऊन बसलेली असते, आणि पुढच्या मोठ्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात म्हणजे किनाऱ्याचा मार कमी होतो. मग शांत दिवसांतल्या छोट्या लाटा तीच वाळू कणाकणाने परत आणतात, त्याला कधी काही आठवडे लागतात कधी कित्येक महिने. या काळात वाळूची टेकाडं म्हणजे खरं तर किनाऱ्याची शिल्लक असते, त्यातूनच हा व्यवहार चालतो. त्या टेकाडांपुढे दगडांची भिंत घातली की शिल्लक कुलूपबंद. वर भिंतीवर आपटून लाट उलटी फिरते, पायथ्याची वाळू आणखी उकरते, आणि परत जाणारं पाणी येणाऱ्या लाटेत घुसून तिचा आकार मोडतं. भिंतीमागची मालमत्ता वाचते, हे मान्य, पण भिंतीपुढचा बीच हळूहळू अरुंद होतो आणि लाट जवळजवळ ताबडतोब बिघडते.

आता आयर्लंड. क्लेअर काउंटीत डूनबेगजवळ डोमोर नावाचा वाळूचा किनारा आहे, अटलांटिकच्या थेट समोर, स्थानिक सर्फरांची जुनी जागा. त्याच्या मागच्या वाळूच्या टेकाडांवर गोल्फ कोर्स आहे. 2014 च्या सुरुवातीच्या वादळांनी त्या टेकाडांचा बराच भाग खाल्ला, आणि त्याच सुमारास तो गोल्फ कोर्स डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीने विकत घेतला. 2016 मध्ये कंपनीने अर्ज केला, 2.8 किलोमीटर लांब भिंत, सुमारे 2 लाख टन दगड. (अर्जाला जोडलेल्या पर्यावरण अहवालात हवामानबदलामुळे समुद्र वाढतोय आणि धूप वाढणार असं कारण दिलेलं होतं, यावर मी काही बोलत नाही, वाचकच हसतील.) सर्फर, पर्यावरणवाले, गावातले काही लोक विरोधात उभे राहिले, गावातले काही लोक रोजगारासाठी बाजूने उभे राहिले, आणि ते चूक होते असं मी इथून म्हणणार नाही. वर्षाअखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला, मग दोन छोट्या भिंतींचा नवीन प्रस्ताव आला, काउंटी कौन्सिलने 2017 मध्ये त्याला परवानगी पण दिली, अपील झालं आणि मार्च 2020 मध्ये तिथल्या राष्ट्रीय नियोजन मंडळाने ती नाकारली.

लोक म्हणतात सर्फर जिंकले. मी म्हणते नीट वाचा. परवानगी नाकारली ती त्या वाळूच्या टेकाडांना युरोपियन कायद्याचं संरक्षण आहे म्हणून, तिथल्या नैसर्गिक अधिवासाला धक्का लागणार नाही याची खात्री पटली नाही म्हणून. त्या संरक्षित क्षेत्राच्या यादीत कोण कोण आहे, तर वेगवेगळ्या प्रकारची टेकाडं, खडकाळ तळ, आणि दोन मिलिमीटरपेक्षाही लहान गोगलगाय, हो, गोगलगाय. यादीत लाट नाही. लाट वाचली ती शेजारच्यांच्या पुण्याईवर. मला त्या गोगलगायीचं कौतुकच आहे, तिच्या नावाने फाईल आहे, तिची व्याख्या आहे, ती कुठे सापडते याचा नकाशा आहे. समजा टेकाडं तेवढी दुर्मिळ नसती, मागे साधं शेत असतं, तर? तर भिंत झाली असती आणि लाट गेली असती आणि कुठल्याही अहवालात त्याची एक ओळ सापडली नसती. लाटेच्या नावावर सातबारा नसतो, हीच सगळी गोची आहे.

जिथे शेजारी कोणी वाचवायला नव्हतं तिथे काय झालं त्याची उदाहरणं भरपूर आहेत. कॅलिफोर्नियात डाना पॉइंटला मोठ्या स्वेलमध्ये उठणारी एक नामांकित लाट होती, 1966 मध्ये तिथे बंदराचं काम सुरू झालं, ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) उभा राहिला, लाट कायमची गेली. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या जार्दिम दो मार गावात किनाऱ्यालगत दगड टाकून भिंत आणि रस्ता केला, लाट अजून आहे पण भरतीला भिंतीवरून उलटणाऱ्या पाण्यात तिचं पार भजं होतं. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मुंडाकाची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, त्यावर डावीकडे लांब उलगडत जाणारी लाट, युरोपातली एक नंबरची मानतात. अख्खी खाडी 1984 पासून युनेस्कोचं जैवमंडल राखीव क्षेत्र. तरी 2003 मध्ये आतल्या जहाज गोदीसाठी गाळ उपसला, वाळू दुसरीकडे टाकली, आणि दांड्याचा आकार बिघडला. लाट फुटेना. 2005 ची जागतिक दर्जाची स्पर्धा रद्द करावी लागली. सुदैवाने नदीने आणि समुद्राने हळूहळू वाळू पुन्हा जागेवर आणली आणि पुढच्या वर्षी स्पर्धा परत आली, पण ते सुदैव होतं, कुणाचं नियोजन नव्हतं. पक्ष्यांसाठी, दलदलीसाठी राखीव असलेली जागा, आणि तरी ज्या वाळूच्या ढिगावर अख्ख्या गावाचा हंगाम चालतो तो ढीग उपसायला कुणाला अडचण आली नाही.

बरं, गेलेली लाट पुन्हा बनवता येते का? प्रयत्न झालेत. इंग्लंडमध्ये बोर्नमथजवळ बॉस्कमला वाळू भरलेल्या भल्यामोठ्या पिशव्या समुद्रात ठेवून 2009 मध्ये कृत्रिम रीफ (पाण्याखालचा उंचवटा) केलं, खर्च लाखो पाउंडांत, लाट काही अपेक्षेसारखी फुटली नाही, पुढे पिशव्या फाटल्या आणि सर्फिंगचा नाद सोडून द्यावा लागला. कॅलिफोर्नियात एल सेगुंडोला तेल कंपनीच्या बांधाने लाट बिघडली म्हणून भरपाईत असंच रीफ करून दिलं, तेही फसलं, शेवटी पिशव्या बाहेर काढल्या. म्हणजे भरपाई देऊ, दुसरीकडे लाट करून देऊ, हे आश्वासन निदान आत्तापर्यंत तरी पोकळ निघालंय.

मग मान्यता म्हणजे नक्की काय पाहिजे? दोन प्रकार आहेत आणि लोक (पत्रकार पण, रागावू नका) त्यांची सरमिसळ करतात. एक प्रकार सन्मानाचा. सेव्ह द वेव्ह्ज नावाची संस्था 2009 पासून वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह असा दर्जा देते, मॅलिबू पहिलं, मग पोर्तुगालचं एरिसेरा, सांता क्रूझ, पेरूचं वांचाको, ऑस्ट्रेलियाचं गोल्ड कोस्ट, 2022 मध्ये ब्रिटनमधलं पहिलं म्हणून नॉर्थ डेव्हन. कार्यक्रम होतो, पाटी लागते, स्थानिक लोकांची समिती बनते. याचा उपयोग नाही असं नाही, समिती असली की कुणीतरी लक्ष ठेवून असतं आणि परवानगीच्या बैठकीत बोलायला एक चेहरा असतो. पण कायद्याने बंधन काहीच नाही. वांचाकोचंच बघा, तिथले मच्छीमार लव्हाळ्याच्या बोटींवरून लाटा चढत-उतरत आलेत ते हजारो वर्षांपासून, जगात यापेक्षा जुना दावा क्वचितच कुणाचा असेल, 2013 मध्ये दर्जाही मिळाला. आणि तरी दक्षिणेकडच्या सालावेरी बंदराच्या लांब बांधाने वाळूचा प्रवाह अडवलाय त्यामुळे ते सगळे किनारे झिजत चाललेत. पाटी वाळू आणत नाही.

दुसरा प्रकार कायद्याचा, आणि इथे पेरूनेच कमाल केलीय. 2000 साली त्यांनी खास लाटांसाठी कायदा केला, जगातला असा पहिलाच, मग नियमावली यायला 2013 उजाडलं (सरकारी काम सगळीकडे सारखंच). पद्धत साधी आहे पण पक्की आहे: लाटेची फाईल करायची, त्यात तळाची मोजणी, खोली, लाट कुठून येते कुठे फुटते, सगळं नकाशावर, आणि ती नौदलाच्या रजिस्टरमध्ये नोंदवायची. एकदा नोंद झाली की त्या हद्दीत बांध, जेट्टी, भराव असलं काही करायला परवानगी मागणाऱ्याला ती नोंद समोर येते. चिकामा, जिथे लाट दोन किलोमीटरच्या वर उलगडत जाते, तिची नोंद 2016 मध्ये झाली, आणि आतापर्यंत तिशीच्या वर लाटा त्या रजिस्टरमध्ये गेल्यात. खोट एकच, मोजणीचा खर्च सरकार करत नाही, सर्फर लोकांनीच वर्गणी काढून एकेका लाटेची फाईल केलीय. म्हणजे जिथे चाहते जास्त, पैसेवाले जास्त, तिथली लाट आधी वाचते आणि आडबाजूच्या मच्छीमार गावातली लाट रांगेत मागे राहते, हे काही बरोबर नाही.

न्यूझीलंडने वेगळा रस्ता घेतला. 2010 च्या राष्ट्रीय किनारा धोरणात कलम 16, आणि सोबत 17 सर्फ ब्रेकची यादी, राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून, रॅग्लनची मनू बे, गिसबर्नजवळचं वाइनुई आणि माकोरोरी वगैरे. भाषा गुळमुळीत नाही, या जागांवर वाईट परिणाम होणार नाही हे बघायचं, एवढं स्वच्छ. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्यांची व्याख्या आहे. सर्फ ब्रेक म्हणजे फक्त लाट फुटते ती जागा नाही, स्वेल ज्या वाटेने खोल समुद्रातून येतो ती वाटसुद्धा त्यात आली आणि तळाची ठेवण पण आली. म्हणजे लाटेपासून दूर समुद्रात काही उभारलं आणि त्याने स्वेल अडला तरी प्रश्न विचारता येतो. ज्याने कुणी हे लिहिलं तो माणूस पाण्यात उतरलेला असणार.

पण तिथेही वादळाने दाखवून दिलं की यादी पुरत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळ आलं, गिसबर्नच्या डोंगरांवर पाइनची तोड झाली की फांद्या, बुंधे, कचरा उतारावरच सोडून देतात, तो सगळा पुरात नद्यांमधून खाली आला आणि किनारेच्या किनारे लाकडाने भरून गेले. फुटणाऱ्या लाटेत झाडाचा बुंधा फिरत असेल तर तिथे उतरणं म्हणजे जीव देणं. लाटेची नोंद होती, तळाची होती, स्वेलच्या वाटेची होती, पण डोंगरावरच्या ठेकेदाराच्या कागदात त्या लाटेचा उल्लेख असायचं कारणच नव्हतं. इंग्लंडमध्ये हीच गोष्ट सांडपाण्याची, जुन्या गटारांत पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकत्र वाहतं आणि जोराचा पाऊस झाला की ओव्हरफ्लो थेट नदीत-समुद्रात सोडतात, म्हणजे वादळानंतर लाट सगळ्यात भारी असते नेमकी तेव्हाच पाणी सगळ्यात घाण. कॉर्नवॉलच्या सर्फरांनी 1990 मध्ये यावरूनच संघटना काढली आणि भांडण अजून चालूच आहे.

आता विरोधातले मुद्दे, कारण ते मला रोज ऐकायला मिळतात. पहिला, लोकांची घरं महत्त्वाची की तुमचा खेळ. घरं, अर्थात घरं, यात चर्चाच नाही. पण बहुतेक वेळा निवड घर की लाट अशी नसतेच, निवड असते ही भिंत की दुसरा एखादा उपाय, वाळू आणून टाकणं, टेकाडं पुन्हा उभी करणं, रस्ता थोडा मागे घेणं, आणि ज्या कागदावर लाटेची किंमत शून्य लिहिलीय त्या कागदावर भिंत नेहमीच स्वस्त दिसते. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर 1967 च्या वादळांनी किनारे धुऊन नेले होते, शेजारच्या ट्वीड नदीच्या बांधांनी वाळू अडवलेली होती, शेवटी 2001 पासून नदीपलीकडची वाळू पंपाने अलीकडे आणायला लागले. त्यातून स्नॅपर रॉक्सपासून पुढे एक लांबच लांब लाट तयार झाली, सुपरबँक म्हणतात. आणि शेजारची किरा, जी त्याच्या आधी दंतकथा होती, ती जास्तीच्या वाळूखाली काही वर्षं गाडली गेली. मार्च 2025 मध्ये आल्फ्रेड वादळाने परत सगळी वाळू ओढून नेली. पण तिथे निदान वाळू मोजतात, कुठे किती गेली ते माहीत असतं, आणि लाटेचं काय होणार हा प्रश्न बैठकीत विचारला जातो. चुकाही होतात पण डोळे उघडे ठेवून.

दुसरा मुद्दा सर्फरांकडूनच येतो आणि तो मला जास्त टोचतो: नोंद केली की जागा सगळ्यांना कळते, गर्दी होते, वाट लागते. खोटं नाही हे. ताहितीत तेआहुपोची लाट 2024 च्या ऑलिंपिकसाठी निवडली, याहून मोठी मान्यता कुठली, आणि त्या मान्यतेपायी परीक्षकांसाठी अॅल्युमिनियमचा नवा टॉवर प्रवाळावर उभा करायचा घाट घातला. जुना लाकडी होता तो चालला असता असं गावकरी ओरडून सांगत होते, आरडाओरडा झाल्यावर टॉवर लहान केला, आणि तरी डिसेंबर 2023 मध्ये चाचणीसाठी नेलेल्या बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटीने) प्रवाळ मोडलंच. तरी माझं म्हणणं असं की हा नोंदीचा दोष नाही, प्रसिद्धीचा आहे. रजिस्टरमध्ये नाव असणं आणि टीव्हीवर नाव असणं यात फरक करता येतो. आणि लपवून ठेवलेली जागा सर्फरांपासून लपते, बुलडोझरपासून नाही. उलट ज्या जागेबद्दल कुणाला काहीच माहीत नाही ती इंजिनियरच्या नकाशावर रिकामी दिसते, आणि रिकाम्या जागेवर जेट्टी टाकायला कुणाच्या बापाचं काय जातं.

तिसरा मुद्दा, हा श्रीमंतांचा खेळ. बोर्डांच्या किमती बघून मलाही तसंच वाटायचं, पण वांचाकोच्या मच्छीमारांना हे सांगायला जा जरा. लाट कुठे कशी फुटते हे पहिल्यांदा कळतं ते होडी घेऊन त्यातून आत-बाहेर करणाऱ्याला, सर्फर बिचारा नंतर येतो.

तेव्हा माझी मागणी अशी की नोंद वादळाच्या आधी झाली पाहिजे. वादळानंतर सगळे घाईत असतात, तातडीची कामं म्हणून पर्यावरण तपासणीतून सूट मिळते, दगडांचे ट्रक लागतात, आणि तातडीचं म्हणून टाकलेलं पुढे कायमचं होतं. त्या वेळी कोणी सर्फर जाऊन म्हणाला की थांबा वाळू परत येईल, तर लोक त्याला मारायलाच धावतील, आणि मी पण त्यांना दोष देणार नाही. आधी नोंद असेल तर निदान इंजिनियरच्या टेबलावर एक कागद असतो की इथे लाट आहे, तिचा तळ असा आहे, वाळू इथून येते, इतके महिने वाट बघितली तर मागच्या वेळी परत आली होती.

आणि हा कागद करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. तळाची मोजणी सोडली तर बाकी सगळं सर्फरांकडे आधीच असतं, कुठल्या दिशेच्या स्वेलला लाट उठते, कुठल्या भरतीला बंद पडते, वादळानंतर वाळू कुठून कुठे गेली, रोजचे फोटो तारखेसकट फोनमध्ये नुसते पडून असतात. बंदरवाल्यांनी, नियोजनवाल्यांनी मागितले तर फुकट देतील, वर चहा पाजतील. फक्त मागायचे ते आराखडा करताना मागा, टेंडर निघाल्यावर हरकती-सूचनांच्या मुदतीत नको, तोपर्यंत दगड कुठल्या खाणीतून येणार हे पण ठरलेलं असतं.

आपली,
एक नियमित वाचक